पॉपवरून आयमॅपवर

चाकणला गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळते. एका वर्षी सगळ्यांची मेल बदलायचं काम माझ्याकडं आलं. आमची मेल तोवर पॉप नावाच्या जुन्या पद्धतीनं चालायची. तिच्यात कॉम्प्युटर सर्व्हरवरून मेल उतरवून घेतो आणि सर्व्हरवरची पुसून टाकतो. पोस्टमननं पत्र हातात दिल्यावर पोस्टात काही उरत नाही, तसंच. ते जपायचं की हरवायचं, हे तुमच्या हातात.

साहेबांना मेल फोनवरही हवी होती, म्हणून आयमॅप करायचं ठरलं. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहते. कॉम्प्युटर आणि फोन, दोन्ही तिथलीच एक मेल दाखवतात. एका ठिकाणी वाचली की सगळीकडं वाचलेली दिसते, आणि एका ठिकाणी पुसली की सगळीकडून जाते. सेटिंग पाच मिनिटांचं होतं. एका ठिकाणी पुसली की सगळीकडून जाते, हे माणसाच्या डोक्यात उतरवणं, हेच खरं काम.

पहिल्या पंधरा-वीस जणांना मी ते नीट सांगितलं. मग कंटाळले. त्याच आठवड्यात सासूबाई चिंचवडच्या दवाखान्यात होत्या. मारुंजीहून सकाळची बस, तळवड्याच्या चौकातली रोजची कोंडी, दिवसभर तेच ते, संध्याकाळी दवाखाना. बोलायला लागलं की माझाच आवाज मला नको व्हायचा.

अशा दिवशी क्वालिटीच्या काकांचा नंबर आला. ते चाकणजवळच्याच गावचे, निवृत्तीला दोनेक वर्षं उरलेली. पार्ट नुसता हातात घेऊन बोटानं चूक सांगायचे. आलेल्या प्रत्येक मेलला ते न चुकता उत्तर द्यायचे, ‘मेल मिळाली. आभारी आहे.’ पोरं त्यावरून हसायची.

मी सेटिंग करत असताना त्यांनी विचारलं, “ताई, आता मेल फोनात बी आन् कॉम्प्युटरमधी बी राहणार?”

“दोन्हीकडं दिसेल, काका.”

“म्हंजे दोन प्रती झाल्या.”

मी हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. मी पुढच्या टेबलाकडं गेले.

चारेक महिन्यांनी एका सोमवारी त्यांचा फोन आला, की कॉम्प्युटरमधली मेल दिसेनाशी झालीय. मी जाऊन पाहिलं तर इनबॉक्स रिकामा. कचऱ्याचा कप्पाही रिकामा. फोनबद्दल विचारल्यावर ते सहज म्हणाले, की फोन भरला होता, नातवाचे फोटो मावेनात, म्हणून रविवारी बसून मेल पुसली. कचराही काढून टाकला. कॉम्प्युटरमध्ये दुसरी प्रत आहे, याच भरवशावर.

मेलची सेवा देणाऱ्यांना मी फोन लावला. आमच्या कंपनीनं जी योजना घेतली होती तिच्यात बॅकअप नव्हता. काकांच्या कॉम्प्युटरमध्ये वेगळ्या जुन्या कप्प्यात पॉपच्या काळातली सगळी मेल शाबूत होती, पण बदल केला त्या दिवसापर्यंतचीच. मधले चार महिने कुठंच नव्हते.

ते नुसतं हरवलं असतं तर निभावलं असतं. पण त्याच आठवड्यात एका गिऱ्हाईक कंपनीनं आमचा माल परत पाठवला. पार्टमधलं एक भोक ड्रॉइंगपेक्षा दोन मिलिमीटर सरकलेलं होतं. काकांचं म्हणणं, गिऱ्हाइकाच्याच इंजिनिअरनं मेलवर ते सरकवायला सांगितलं होतं. तिकडचा इंजिनिअर म्हणत होता, आठवत नाही, मेल दाखवा.

साहेबांनी, म्हणजे आमच्या प्लांट मॅनेजरांनी, मीटिंग बोलावली. मलाही बोलावलं. त्यांनी मला विचारलं, मेल कुणी पुसली. मी म्हणाले, काकांच्या फोनवरून पुसली गेली. ते खरंच होतं. साहेब काकांकडं वळून म्हणाले, इतकी वर्षं नोकरी केली, मेल जपायची असते एवढंही कळत नाही का? काका खाली बघत होते. ‘ताईंनी दोन प्रती सांगितल्या होत्या,’ एवढं ते म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. मीही बोलले नाही. मीटिंग पुढच्या विषयावर गेली आणि मी समोरच्या वहीत रेघोट्या ओढत बसले.

घरी गेल्यावर पोळ्या लाटतानाही तेच डोक्यात. मेल येते आणि मेल जाते, हे दोन वेगळे कारभार आहेत. येते ती पॉपनं किंवा आयमॅपनं. जाते ती एसएमटीपी नावाच्या तिसऱ्याच पद्धतीनं. पाठवलेल्या मेलची प्रत पूर्वी फक्त आपल्या कॉम्प्युटरवर राहायची. आयमॅप केल्यापासून तीही सर्व्हरवर, वेगळ्या कप्प्यात जायला लागली होती. काकांनी आलेली मेल पुसली होती. पाठवलेलीला हात लावला असेल असं वाटेना.

सकाळी बसमधून उतरले ती थेट त्यांच्या टेबलावर गेले. कप्पा उघडला. ‘मेल मिळाली. आभारी आहे.’ अशा ओळींची रांगच होती, आणि प्रत्येक उत्तराखाली ज्या मेलला ते दिलेलं ती अख्खी मेल. भोक दोन मिलिमीटर सरकवा, असं सांगणारी मेलही त्यांत होती, तारखेसकट.

काकांनी ती दोनदा वाचली आणि चष्मा काढून पुसला. साहेबांनी ती गिऱ्हाइकाला पाठवली. उत्तराखाली चिकटलेला मजकूर त्यांना लगेच पटला नाही, पण मग त्यांच्या इंजिनिअरनं स्वतःची मेल शोधली आणि चूक कबूल केली. माल घेतला गेला. मीटिंग काही पुन्हा झाली नाही. काकांना जे बोललं गेलं ते कुणी मागं घेतलं नाही.

दुपारच्या चहाला मी त्यांच्यापाशी गेले आणि सांगितलं, की त्या दिवशी माझं चुकलं. प्रत एकच होती आणि मला ते माहीत होतं.

“मला बी वाटलंच व्हतं मागनं,” ते म्हणाले.

“मग मीटिंगमध्ये बोलला का नाही?”

“तुमी त्या टायमाला लई दमलेल्या व्हत्या, ताई. मी बी पुन्हा इचारलं न्हाई.”

मला रागावले असते तर बरं झालं असतं. मी साहेबांकडं जाऊन झालेलं सांगितलं. ते स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, ठीक आहे, सगळ्यांना एक सूचना पाठवून द्या.

मी सूचना पाठवली. बऱ्याच जणांनी ती उघडलीही नाही. मग त्या घाईच्या दिवसांत ज्यांची मेल बदलली होती त्यांची यादी काढली आणि एकेका टेबलाशी जाऊन पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. रोज दोन-तीन माणसं व्हायची. स्टोअरमधल्या एकानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग मॅडम, फोनमधली पुसली तर कॉम्प्युटरमधली राहील ना? मी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, नाही, भाऊ. नाही राहणार.