सरकलेला धुरा

प्लॉट म्हणजे काय, ले-आउट म्हणजे काय, हे सगळं मी बायको मेल्यावर शिकलो. ती होती तोवर जमीन म्हणजे धान, आणि धानाचं अर्ध्याहून जास्त काम तिचं. मी चौथी शिकलेला माणूस. सही येते, एसटीवरची पाटी वाचता येते, आणि जे पटत नाही ते तोंडावर बोलता येतं. एवढंच माझं शिक्षण.

आमचं शेत गोरेगावला जाणाऱ्या डांबरी रस्त्याला लागून आहे. पहिले त्याचं कोणाला कौतुक नव्हतं. बांधी म्हणजे धानाचं खाचर. रस्त्याकडच्या बांधीत ढोरं शिरणार, ट्रॅक्टरवाले धुरा तोडणार. धुरा म्हणजे दोन शेतांमधला मातीचा बांध. आमच्याकडे माणूस त्याच्यावरूनच चालतो आणि त्याच्यावरूनच भांडतो. आता रस्ता रुंद झाला, बाजूला दुकानं निघाली, तर तीच बांधी एकदम राणी झाली.

माझी बुढी गेली धान कापणीच्या दिवसांत. तापाचं निमित्त झालं. आमच्या घराण्यात शेतवाल्याला शेतातच अग्नी देतात, म्हणून तिलाही रस्त्याकडच्या टोकाला, मोहाच्या झाडाजवळ दिला. मग तिथं विटांचा ओटा बांधला. माझ्याच हातानं बांधला, म्हणून थोडा वाकडा आहे. रोज सकाळी मी तिथं जाऊन बसतो. लोक म्हणतात बुढा ओट्यासंग बोलते. खोटं आहे. ती जिवंत होती तेव्हाच मी कमी बोलायचो, आता काय बोलू?

मोहफुलं पडायला लागली त्या सुमाराला माझा धुऱ्याचा शेजारी एका माणसाला घेऊन आला. शेजारी माझ्याच वयाचा. आमचे बापही याच धुऱ्यावर बसून एकमेकांची तंबाखू खायचे. सोबतचा माणूस गोंदियाचा, प्लॉटचा धंदा करणारा. पांढरे बूट घालून बांधीत उतरला, तेव्हाच समजलं की हा धानवाला नाही.

"काकाजी, दोनों खेत मिला दो तो एक नंबर ले-आउट बनेगा," तो म्हणाला. "आपको कुछ करना नहीं है. बस साइन."

"मले काही करनं नाही, तं तू कायले आला गा एवढ्या उन्हात?"

शेजारी हसला. "याचं तोंड असंच आहे. मनावर नको घेऊ," तो त्याला म्हणाला. मग माझ्याकडे वळून बोलला, "मी तं देऊन राहिलो माझं. पोरं नागपुरात, मी किती दिवस चिखल तुडवू? तूही दे."

मी म्हटलं, विचार करतो. घरी येऊन तिरोड्याच्या लेकीला फोन लावला.

"बाबा, सही नका करू."

"नाही केली वो."

"अंगठाही नका देऊ."

"मले सही येते."

"येते म्हणून तं भेव वाटते. पहिले शिका. त्याच्याच दुकानात जाऊन बसा आणि विचारा. नाही समजलं तं अजून विचारा. लाजू नका."

"मी कोनाले लाजलो आजवर?"

"आईले," ती म्हणाली.

तर बाजाराच्या दिवशी भाजीची थैली घेऊन मी प्लॉटवाल्याच्या गोरेगावच्या दुकानात जाऊन बसू लागलो. चहा त्याचा, प्रश्न माझे. पहिले त्याला वाटलं बुढा सही द्यायला आला. नंतर कंटाळला. त्यानंतर मात्र त्याला मजा येऊ लागली. माणूस वाईट नव्हता, पण घाई फार.

त्याच्याकडून कळलं की शेत असं उचलून तुकडे पाडून विकता येत नाही. पहिले सरकारकडून ते बिगरशेती करून घ्यावं लागतं. आमच्या गावातल्या किती जणांनी नुसत्या स्टॅम्पपेपरवर प्लॉट घेतले आणि आता घर बांधायला परवानगी मिळत नाही म्हणून बसले आहेत, ते मला त्या दिवशी समजलं. मी त्यांना नशीबफुटके समजत होतो. नशीब नाही, न विचारणं.

मग कळलं की एकराचा एकर विकला जात नाही. त्यातून रस्ते काढायचे, नाल्या काढायच्या, थोडी जागा सगळ्यांसाठी मोकळी सोडायची, आणि उरलं ते विकायचं. "म्हणजे धानासारखंच," मी म्हटलं. "पोतं भरून नेलं गिरणीवर, तांदूळ आला कमी, बाकी कोंडा." हे त्याला एवढं आवडलं की त्याच्यानंतर तो गिऱ्हाइकांनाही तेच सांगत होता, स्वतःचं असल्यासारखं.

दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा प्लॉट सर्वांत महाग. तिरपा तुकडा पडून राहतो. एकदा त्यानं मला पैसे गुंतवण्याचंही ज्ञान दिलं. "काकाजी, ज़मीन ले के सो जाओ. अपने आप बढ़ती है."

"जमीन नाही वाढत. ते तेवढीच राहते. घेनारे वाढतात, म्हणून भाव वाढते."

त्यानं टेबलावर थाप मारली. "यही तो पूरा धंधा है, काकाजी!"

एक दिवस त्यानं माझ्यासमोर कागद सरकवला. मी म्हटलं, हे काय? म्हणाला, मुखत्यारपत्र, आपकी तरफ से मैं साइन करूँगा. मी म्हटलं, मग माझे हात कायले आहेत? त्यानं कागद परत खणात टाकला आणि अजून एक चहा मागवला.

हे सगळं शिकून माझं एक ठरलं. ज्या जमिनीची घाई दुसऱ्याला असते, ती विकायची नाही. मी नाही म्हणून सांगितलं. प्लॉटवाला रागावला नाही. शेजाऱ्याच्या एकट्याच्या शेतावर ले-आउट पाडायचं ठरलं, आणि त्यासाठी सरकारी मोजणी आली.

आता मोजणी साखळीनं होत नाही. काठीवर यंत्र लावून माणूस चालतो आणि यंत्र सांगतं तिथं खुंटी ठोकतो. शेताच्या मागच्या टोकाला बोडी आहे, म्हणजे पाणी साठवायचं छोटं तळं. तिथून त्यांनी सुरुवात केली. तिथली खुंटी आमच्या धुऱ्याच्या पलीकडे पडली, शेजाऱ्याच्या बाजूला. म्हणजे तिकडं त्यानं माझं खाल्लेलं. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं आभाळाकडे पाहिलं. मग रेषा सरळ रस्त्याकडे आली, आणि आमचा धुरा मात्र तिरपा. रस्त्याकडची खुंटी त्यांनी धुऱ्याच्या अलीकडे, माझ्या बाजूला ठोकली. मोह आणि ओटा, दोन्ही खुंटीच्या पलीकडे, शेजाऱ्याच्या हद्दीत गेले.

मी उभा होतो तिथंच उभा राहिलो. सगळी जिंदगी आम्ही धुऱ्यालाच हद्द समजत आलो. कागदावरची हद्द कोणी पाहिली होती?

प्लॉटवाल्यानं नकाशा उघडला. "यहीं से तो एंट्री का रोड आएगा," तो आधी बोलून गेला. मग माझ्याकडे लक्ष गेलं तसा आवाज खाली आणला. "काकाजी, टेंशन मत लो. पूजा करवा देंगे. ईंटें उठा के आपके साइड में रख देंगे."

"विटा उचलशील गा. खालची माती कशी उचलशील?"

शेजाऱ्याला वाटलं थोडं हसवावं. "वयनी जिंदगीभर माझ्या बांधीत सरकून राहिली, आता घरच करून बसली," तो म्हणाला. एरवी मीही हसलो असतो. त्या दिवशी धुऱ्यावरून सरळ घरी आलो.

काहीच शिकलो नसतो तर बरं झालं असतं, असं मला वाटू लागलं. न शिकलेला माणूस भांडतो. बापाच्या काळचा धुरा आहे म्हणून फावडं घेऊन उभा राहतो. मला आता माहीत होतं की खुंटी म्हणेल ते खरं, आणि त्या नकाशावर बुढीच्या अंगावरून गाड्या जाणार. भात शिजवला की तसाच राहायचा. लेकीचा फोन आला की जेवलो म्हणून सांगायचो.

शेवटी परत प्लॉटवाल्याकडेच गेलो. दुसरं कोणाला विचारणार? एवढासा तुकडा विकत मिळतो का, म्हटलं. त्यानं या खेपेला घाई केली नाही. एवढा लहान तुकडा बाहेरच्या माणसाला घेता येत नाही, तो म्हणाला, पण लागून असलेल्या शेतवाल्याला घेता येतो. दोघं राजी असतील तर अदलाबदलही होते. "पर वो देगा क्यों, काकाजी? मेरी एंट्री वहीं है. कोने का प्लॉट वहीं है."

कोपऱ्याचा प्लॉट म्हणजे काय, ते मला त्यानंच शिकवलं होतं.

दुपारी शेजाऱ्याच्या घरी गेलो. तो बाजेवर बसला होता. त्याची बायको अंगणात मोहफुलं वाळत टाकत होती. पाणी नको म्हटलं आणि उभ्यानंच बोललो. "मले ओट्याचा तुकडा पाहिजे. बोडीकडे माझा जो तुझ्यात निघाला, तो तू घेऊन टाक."

तो डोकं खाजवू लागला. "बोडीकडच्या चिखलाले कोन विचारते गा? रस्त्याकडचं सोनं आहे ते. प्लॉटवाला ऐकनार नाही."

"त्याचं सोड. तू ऐकते का?"

मोहफुलं पसरवणारा हात तेवढा थांबला. "तुमा दोघाले माहीत तरी आहे का, धुरा कोनी सरकवला ते?" त्याची बायको म्हणाली.

"कोनी?" शेजाऱ्यानं विचारलं.

"आमी दोघीनं."

मी तिथंच ओसरीवर टेकलो.

"रोवणीच्या आधी धुरे छाटाचे, लिंपाचे, ते काम कोनाचं होतं? आमचंच ना?" ती सांगू लागली. "मोह होता आमच्या बांधीत, बोडीची काठ होती तुमच्या बांधीत. वयनीले मोहाची सावली पाहिजे होती भाकर खाले आणि फुलं वेचाले. मले बोडीची काठ पाहिजे होती, वांगी लावाले. तुमाले विचारलं असतं तं तुमी बापदादे काढत बसले असते. मंग आमीच ठरवलं. तिकडं एका अंगानं छाटाचा, दुसऱ्या अंगानं लिंपाचा. इकडं उलटं. दर सालाले थोडा थोडा. धुरा आपला चालत गेला."

"आणि आमाले समजलं नाही?" शेजारी म्हणाला.

"चिखलात मान खालीच राहते तुमची. वर कधी पाह्यलं?" मग ती माझ्याकडे वळली. "ते कोनाच्या जागेत नाही सरकली, भाऊ. जिथं ठरलं होतं तिथंच आहे. आमचा सौदा तेव्हाच झाला, तुमचा कागद आता होऊन राहिला." आणि नवऱ्याला म्हणाली, "तिथून रस्ता जाईन तं त्या पैशाचा भात मी नाही शिजवनार. तुमी शिजवा."

शेजारी माझ्याकडे पाहत राहिला. "ऐकलं ना गा? आता प्लॉटवाल्याच्या शिव्या मलेच खाव्या लागनार."

मला हसू आलं आणि डोळ्यांना पाणीही आलं. दोन्ही एकदम आलं की माणूस फार वाईट दिसतो. "म्हशीनं पानी पेल्यासारखं तोंड झालं तुमचं," शेजाऱ्याची बायको म्हणाली आणि आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आली. यावेळी प्यालो.

प्लॉटवाल्यानं दोन दिवस कुरकुर केली. मग "भाभीजी से कौन लड़ेगा" म्हणत एंट्रीचा रस्ता पलीकडच्या अंगाला नेला. मोहाचं त्याला नंतर बरंच वाटलं असावं, कारण गिऱ्हाइकांना सांगताना मी स्वतः ऐकलं, "बाजू में हरियाली है, हवा फ्री."

अदलाबदलीचा कागद करायला आम्ही गेलो, तर शेजाऱ्याची बायकोही नवं लुगडं नेसून आली. मी तिथल्या बाबूला एवढे प्रश्न विचारले की तो म्हणाला, बाबाजी, वकील आहात का? शेजारी म्हणाला, नाही, बिल्डर आहेत. मी सही केली, शेजाऱ्यानं केली. शेजाऱ्याची बायको बाकावर बसून पाहत होती. तिची सही कुठंच लागली नाही. सौदा ज्यांनी केला त्यातली एक मोहाखाली आणि दुसरी बाकावर, आणि कागदावर आम्ही दोन बुढे, ज्यांना धुरा चालतो हेसुद्धा माहीत नव्हतं. मी बाबूला तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, पुढच्याला येऊ द्या.

आता गावात कोणी शेत विकायला काढलं की माझ्याकडे येतो. मी सांगतो, सही करायच्या आधी मोजणी कर, आणि मोजणीच्या आधी घरच्या बाईला विचार. लोकांना वाटतं बुढा गंमत करते.

कागद झाला त्या दिवशी घरी येऊन चूल पेटवली. लेकीचा फोन आला.

"बाबा, झालं?"

"झालं वो."

"आवाज असा काऊन येऊन राहिला? रडता का?"

"नाही. तोंडात भात आहे."

खरंच होता. खालून करपला होता थोडा. पातेलं पुसून खाल्लं आणि भर दुपारी असा झोपलो की शेजाऱ्यानं येऊन नाकाशी हात धरून पाहिलं म्हणे, जिवंत आहे की नाही.