समोरच्या भिंतीकडे बघणारी बाई

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. अमुक वळणावर पांढऱ्या साडीतली बाई दिसली असं कुणी म्हणालं, की मी विचारते, साडी कुठल्या दुकानातली? पण हे मी दिवसाढवळ्या, शुद्धीत बघितलंय.

आम्ही पालघरला राहतो. मी आणि माझी धाकटी जाऊ हेमा, दोघी भिंती रंगवतो. शाळा, हॉटेलं, देवळं, सगळं. कामाला जोडीनं जातो, कौतुक मात्र ती एकटी घेऊन येते. मी जळते. घरात कधी दाखवलं नाही, इथे लिहायला काय जातंय...

बोईसरच्या पुढे, कामगारांच्या खोल्या संपतात तिथे एक छोटं चर्च आहे. तिथले फादर रोमला शिकून आलेले. रोमन साम्राज्याच्या शेवटच्या काळातल्या चर्चमधल्या भिंतींचे फोटो त्यांनी दाखवले. दोन्ही हात वर करून प्रार्थना करणाऱ्या बायका, मोठाले डोळे. त्यांना तशीच रांग हवी होती, सगळ्यांची नजर वेदीकडे, आणि तीही ओल्या चुन्यावर. उजवी भिंत माझी, डावी हेमाची. वेदीमागची मोठी भिंत कुणाला द्यायची, ते रविवारी दोघींचं काम बघून ठरणार होतं. ती मला हवी होती. फार हवी होती.

ओल्या चुन्यात रंग मुरतो. चुना सुकला की तो तिथलाच झाला — ओलं फडकं मारा, हलणार नाही. चुकलं तर तेवढा गिलावा छिन्नीनं काढायचा आणि नवा थापायचा.

शुक्रवारी माझी शेवटची बाई झाली. नजर वेदीकडे, मोबाइलमध्ये फोटो आहे. शनिवारी सकाळी बघते तर तिची बुबुळं वळलेली... थेट समोर, हेमाच्या भिंतीकडे!

मला भीती नाही वाटली, लाज वाटली. मनातलं कुणी भिंतीवर मांडून ठेवावं तसं झालं. हेमा यायच्या आत मी तो चेहरा खरवडला, चुना थापला, पुन्हा काढला. डोळे अगदी जपून, वेदीकडे. त्याचाही फोटो आहे.

रविवारी लवकर गेले. बाई पुन्हा समोर बघत होती.

मागे हेमा कधी येऊन उभी राहिली कळलंच नाही. तिनं माझ्या बाईच्या डोळ्यांकडे निरखून बघितलं. मग हळूच म्हणाली, "ताई, तुमची पन?"

तिनं आपल्या भिंतीच्या टोकाची ताडपत्री बाजूला केली. तिची शेवटची बाई माझ्या भिंतीकडे बघत होती.

"परवापासून अशीच हाय. दोनदा काढली मी. तुमी हसाल म्हणून बोलले नाय."

"मी कशाला हसू?"

"ताई, माझ्या बाया नुसत्या सुबक. तुमच्या कशा, आत्ता बोलतील अशा... मी सातपाटीला आयजवळ जाऊन रडले हाय त्यापायी."

हेमा सासरी आल्यापासून एवढं खरं आम्ही एकमेकींशी कधी बोललो नव्हतो. मी तिच्या हातातली ताडपत्री घेऊन घडी घालत बसले.

फादरांना वाटलं, आम्ही ठरवूनच तसे डोळे काढले. त्यांना ते आवडलं. मोठी भिंत त्यांनी हेमालाच दिली. जळले का? जळले, खोटं कशाला बोलू.

फोटो दाखवले की लोक म्हणतात, सुकताना रंग सरकला असेल. दोन भिंतींवर, दोघींचा, आणि नेमका एकमेकींकडे? मला उत्तर सापडलेलं नाही, कुणाला सुचलं तर सांगा.

सगळे गेल्यावर मी हेमाच्या त्या बाईशेजारी, तिच्यासारखीच पाठ भिंतीला लावून उभी राहिले आणि ती बघते तिकडे बघितलं. माझी भिंत मी पहिल्यांदाच नीट बघत होते. चांगली झाली होती हो.