कयाकची मागची सीट

मंडळी, आज येलदरी धरणावर एकटीच कयाक घेऊन गेले होते.

आमची कयाक म्हणजे दोन सीटची, हवा भरायची वल्ह्याची होडी. तीन वर्षं आम्ही नवरा-बायको दर शनिवारी मानवतहून जायचो, काठावर तंबू ठोकायचो. मी पुढं बसून दिशा सांगायची, हे मागून वळवायचे. आता नोकरीमुळं हे पुण्यात असतात. काल दोन महिन्यांनी आले. सकाळी उठवलं तर म्हणाले, "तूच जा, मला झोपू दे."

मी गेले. सवयीनं पुढंच बसले. पुढचं टोक दबलं, कयाक गोल गोल फिरायला लागली. पाण्यातली वाळकी बाभळ जवळ आली तशी मी जोरात ओरडले, "अहो, उजवीकडं घ्या!"

काठावर जाळं सोडवत बसलेले काका म्हणाले, "ताई, कुणाला सांगायलाव? मागं बसा की, मग वळंल."

काठाला लावली, मागं बसले. लगेच वळली. तेव्हाच लय रडू आलं.

घरी आले तर हे मोबाईलमध्ये. "मजा आली?"

"हो."

एकटं जाणाऱ्यांनो, खरं सांगा. पुढची रिकामी सीट बघत वल्हवायची सवय किती दिवसांत होते?