भावोजींचे साहेब

हैबतराव रोह्याला तलाठी म्हणून रिटायर झाले, पण खुर्ची काही त्यांच्या अंगातून उतरली नाही. रोज पेणच्या तहसील कचेरीसमोर टपरीवर बसायचं आणि दिसेल त्याला सांगायचं, "साहेबांच्या कानावर घालतो." कुठले साहेब, ते धोंडुबाईला आजवर कळलं नव्हतं. सख्खा दीर, म्हणून ऐकून घ्यायची एवढंच.

रामवाडीतला तिचा गणपतीचा कारखाना बँकेकडे तारण. तिने भरलेले हप्ते बँकेने जमेला धरलेच नाहीत, वर दारावर ताब्याची नोटीस चिकटवली. लेक किमया म्हणाली, "आये, वकील सांगतो मुंबईला कर्जवसुली न्यायाधिकरणात जा. हप्त्यांचं तिथंच ऐकतात."

हैबतराव हसले. "मुंबई कशाला गो? ताब्याची ऑर्डर कलेक्टरच काढणार ना? मग थांबवणार पण तेच. हयात महसुलात गेली माझी."

अलिबागला कलेक्टर कचेरीत अर्ज गेला. त्यात हप्त्यांपेक्षा 'मेहेरबान' जास्त होतं. मुंबई राहिली.

ज्येष्ठात नायब तहसीलदार बाई ताब्याची ऑर्डर आणि पोलीस घेऊन दारात उभ्या. आत कच्चे गणपती वाळत होते, डोळ्यांची आखणी बाकी. हैबतराव कॉलर झटकून पुढे झाले.

"मॅडम, मी आपल्याच खात्यातला. हप्त्यांचं जरा ऐकून घ्या."

"काका, ते मला ऐकता येत नाही. कलेक्टरसाहेबांनाही नाही. बँकेचे कागद पुरे आहेत का, एवढंच त्यांनी बघायचं. मी बँकेला ताबा द्यायचा. हप्ते भरले की नाही, ते न्यायाधिकरण ठरवेल."

"पण साहेबांनी मनात आणलं तर..."

"यात मनाचं काही नसतं, काका." बाई धोंडुबाईकडे वळल्या. "मूर्ती तारण नाहीत. त्या बाहेर काढा, तोवर थांबते."

धोंडुबाईने पदर खोचला. "भावोजी, एवढी वर्षं कचेरीत केलंत काय? पंखे पुसलेत?"

हैबतराव छताकडे बघू लागले.

शेवटचा गणपती शेजारच्या पडवीत ठेवला, कारखान्याला बँकेचं कुलूप लागलं, तेव्हा किमयाने वकिलाचा फोन खाली ठेवला. "आये, आजच्या ताब्यावर पण दाद मागता येते. मुदत आजपासून."

"मग उद्याच मुंबईला निघायचं."

"मी येतो ना सोबत," हैबतराव म्हणाले. "तिथले साहेब..."

"तुम्ही नको. या पडवीत बसा. गुरं आली तर हाकला, आणि बोलू नका."

"गुरांशी?"

"कोणाशीच."