दोन चंदेरी पट्टे

मल्लिनाथची, म्हणजे आमच्या मल्लूची, वाट बघत आम्ही तिघं नटून बसलो होतो. आई स्वेटर घालून, बायको आरतीचं ताट घेऊन आणि मी नारळ घेऊन. उन्हाळ्यात गार आणि थंडीत गरम हवा देणारं नवं यंत्र त्या सकाळी सुरू व्हायचं होतं. सोलापुरात गरम हवा विकत घेणारा माणूस वेडाच, हे मला मान्य आहे. पण थंडीत आईचे गुडघे तिला रडवतात. फोन वाजला तो मी माझ्या माईकवरच्या आवाजातच घेतला, "या महाराज, प्रजा खोळंबली आहे!" पलीकडे सलीम होता. मल्लूसारखाच एसी बसवणारा, त्याचा पक्का मित्र आणि पक्का प्रतिस्पर्धी. "भाई... मल्लू गिर गया," तो म्हणाला. मी विचारलं, "लागलं का फार?" "तुम दवाखाने आ जाओ," तो म्हणाला...

मल्लू माझा शाळेपासूनचा दोस्त. गाव वळसंग, तिथं कन्नड, दुकानात मराठी आणि शिव्या दोन्हींत. सात रस्ता चौकाजवळ त्याचं दुकान होतं. अंगानं धिप्पाड, आवाजानं त्याहून मोठा. यंत्राचा बाहेरचा भाग ज्या दोन दांड्यांच्या लोखंडी स्टँडवर बसतो, ते तो स्वतः वेल्डिंग करून बनवायचा, चंदेरी रंगानं रंगवायचा आणि भिंतीत ठोकून झालं की आधी स्वतः त्यावर बसायचा. कमरेचा पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून, भिंतीला खांदा लावून, आडवा; एक दांडी बुडाखाली, दुसरी गुडघ्यांच्या मागं. वर दोन-तीन दणकेही द्यायचा. "माजं वजन पेललं तर तुजं मशीन काय, तुजा सासराबी पेलंल की," असं गिऱ्हाइकाला ऐकवायचा. धीर मात्र अजिबात नव्हता. रंग वाळायच्या आतच बसायचा, त्यामुळे त्याच्या प्रत्येक पँटवर मागून दोन चंदेरी पट्टे असत. त्याची बायको शोभा आयुष्यभर ओरडत राहिली, "अवो, वाळू तरी द्या की!" एका लग्नात तो तशाच पँटनं आहेर द्यायला स्टेजवर चढला. लग्नात माईक धरणं हा माझा धंदा. मी जाहीर केलं, "आता येत आहेत वळसंगचे जहागीरदार, खास चांदीच्या जरीच्या पोशाखात... मंडळी, पोशाख मागून बघावा!" मांडव हसून लोळला. मल्लूनं वळून, दोन्ही हात जोडून, सगळ्यांना जर दाखवली.

आमच्याकडे तो त्या सकाळच्या आदल्या दिवशी आला होता. स्टँड ठोकलं, बसून बघितलं, मग यंत्र चढवलं. "गरम हवा कशाला पायजे बे तुला? तू बोलतुस ती काय कमी हाय?" असं म्हणत त्यानं तांब्याचे पाइप जोडले. थंडीत हे यंत्र ऊब आणतं कुठून, असं आईनं विचारलं तर म्हणाला, "बाहीरच्या गार हवेतबी थोडी ऊब असतीया मावशी, ती पिळून आत आणतंय. तुमी चिंचेचा कोळ काढता की नाय, तसं." मग पाइपांत नायट्रोजन दाबून भरला आणि दाब दाखवणारा घड्याळासारखा गेज लावून ठेवला. रात्रीत सुई खाली आली तर कुठंतरी गळती आहे. जागेवर राहिली तर सकाळी पाइप रिकामे करायचे, गॅस सोडायचा आणि बटण दाबायचं. "सुईला हात लावू नगंस, आन् तिला जोकबी सांगू नगंस," जाताना म्हणाला.

सकाळी आमच्याकडे येताना वाटेत तो एक काम बघून येणार होता. काम करायला नाही, नुसतं बघायला. म्हणून कमरेचा पट्टा स्कूटरच्या डिकीतच राहिला. दुसऱ्या मजल्यावर आधीच्या कुणीतरी बसवलेलं जुनं स्टँड होतं, त्यावरच नवं यंत्र बसेल का, एवढंच गिऱ्हाइकाला विचारायचं होतं. मल्लूला बघणं म्हणजे बसणं, एवढंच ठाऊक...

आमच्या लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. वळसंगला त्याच्या शेताच्या कडेला, कपाळभर विभूती लावून आम्ही त्याला बसवला. तो हरघडी बसून बघायचा, आणि त्या दिवशी बाकीचे सगळे उभे राहून त्याला बघत होते. दोन शब्द बोल, असं कुणीतरी मला म्हणालं. मी मूठभर माती टाकली आणि मागं सरकलो.

खरा घाव पुढं होता. तो जिथं पडला त्या घराच्या मालकानं सगळ्यांना सांगितलं, "एसीवाल्याचं स्टँड तुटलं." खोटं त्यात काही नव्हतं, फक्त कुठल्या एसीवाल्याचं, ते सांगायचं राहिलं. सात रस्त्याच्या चहाच्या गाड्यांवर त्याचं 'मल्लूचं स्टँड तुटलं' झालं, आणि तिथून ते शहरभर गेलं. जुनी गिऱ्हाइकं दुकानात फोन करू लागली, "आमच्याकडचंबी तपासून घ्या वो, खाली पोरं खेळत्यात." फोन शोभाच घ्यायची. मी भेटायला गेलो तर तिनं पाणी दिलं आणि समोर उभी राहिली. "भावजी, खरं सांगा. ते स्टँड ह्यांचंच व्हतं का?" बघून सांगावं, तर स्टँड तोपर्यंत भंगारात गेलं होतं.

मग ती आत गेली आणि दवाखान्यानं दिलेली त्याच्या कपड्यांची पिशवी घेऊन आली. तिनं ती उघडलीच नव्हती. पँट काढून खाटेवर पालथी पसरली, आणि आम्ही दोघंही बघत राहिलो. जुने चंदेरी पट्टे होतेच. त्यांच्यावर, जरा तिरपे, दोन तांबूस पट्टे उमटले होते. मला आधी रक्त वाटलं. शोभानं बोटानं खरवडलं, बोटावर भुगा आला. गंज. मल्लूनं उभ्या जन्मात बिनरंगाचं लोखंड भिंतीला लावलं नव्हतं. "ह्यांचं नव्हतं," ती म्हणाली, आणि मला तोंड फुटण्याआधी पुन्हा म्हणाली, "ह्यांचं नव्हतं ते." तोवर ती रडली नव्हती. सलीमला मी तिथूनच फोन केला. दुसऱ्या दिवशी तो सात रस्त्यावर प्रत्येक गाडीपाशी थांबून सांगत फिरला, "मल्लू का नई था वो. दूसरे का गंज लगा हुआ माल था, समझे क्या?" किती जणांनी ऐकलं, देव जाणे. शोभाच्या दुकानातला फोन अजून वाजतो.

आमचं यंत्र काही आठवडे तसंच होतं. कुणाला बोलवावंसं वाटेना. शेवटी आईच म्हणाली, "त्यानं माझ्यासाठी लावलंय रे." परवा सलीम आला. मी शोभालाही बोलावलं. सलीमनं खिडकीतून वाकून गेज बघितला आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. सुई जागेवर होती. मल्लूनं ठेवली तिथंच. "अब छोडना पडेगा, भाई," तो म्हणाला आणि त्यानं नायट्रोजन सोडला. फुस्स आवाज झाला, लांबलचक. सुई खाली आली. मग त्यानं पंप लावून पाइप रिकामे केले, गॅस सोडला, बटण दाबलं. पंखा फिरला, आईनं गुडघे पुढं केले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. नारळ फोडायचंही सुचलं नाही.

शोभा खिडकीपाशी गेली आणि तिनं गजांतून हात बाहेर घातला. यंत्राच्या खाली, स्टँडच्या दांडीवर एके ठिकाणी चंदेरी रंग चेपलेला होता आणि त्यात कापडाची बारीक वीण जशीच्या तशी वाळली होती. तिनं त्यावरून बोट फिरवलं. मग नेहमीच्या चिडक्या आवाजात, जणू तो तिथंच बाहेर बसलाय, म्हणाली, "वाळू तरी द्यायचं की वो..."