मोताळ्याचा होमरन आणि गजाननाची मिशी

नांदुऱ्याला गाडीतून उतरलो तेव्हा माझ्या खांद्यावर बेसबॉलची बॅट होती. मोताळ्याच्या एसटीत कंडक्टरनं ती हातात घेऊन तोलून पाहिली. "हे मुसळ हाये का हो?" खेळायचं आहे म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं दयेनं पाहिलं आणि तिकीट दिलं.

बॅट मागवली होती माझ्या हॉस्टेलच्या काळातल्या मित्रानं, गजाननानं. मोताळ्याजवळच्या आपल्या गावात बेसबॉल सुरू करायचं वेड त्याच्या डोक्यात शिरलं होतं. गडी शेतकरी, पण झुपकेदार मिशीचा थाट फौजदाराचा.

जेवायला कळण्याची भाकर (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि ठेचा होता. ठेचा मी मोठ्या शौर्यानं खाल्ला आणि मग तांब्याभर ताक प्यालो. तोंडाची आग विझल्यावर जमलेल्या मंडळींना अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलचे किस्से सांगत बसलो. तिथल्या एका नावाजलेल्या फलंदाजानं म्हणे भर सामन्यात हात करून दाखवलं, की चेंडू तिकडं जाणार, आणि लगेच तिकडंच होमरन मारला! गजाननाचे डोळे चमकले. तेव्हाच मी गप्प बसायला हवं होतं.

दुपारी पडीक रानात खेळ सुरू झाला. पलीकडं डावीकडं गजाननाची कपाशी, उजवीकडं त्याचा चुलतभाऊ वसंताची. दोन्ही शेतं फुटून पांढरीशुभ्र झालेली. वसंता चेंडू टाकायला उभा राहिला, तशी गजाननानं बॅट स्वतःच्या शेताकडं रोखली.

"आपल्या कपाशीत टाकतो! नाही गेला तं मिशी उतरवून टाकीन बे!"

"पाह्यजो हां, लोकं आयकून राह्यले," वसंता म्हणाला.

फटका टणकन बसला. चेंडू उंच गेला, उन्हात दिसेनासा झाला आणि दोन शेतांमधल्या बांधाच्या आसपास कुठंतरी पडला. गजानन नाचायलाच लागला.

"काऊन नाचून राह्यला बे? माह्या वावरात (शेतात) पडला तो!" वसंता ओरडला.

निकाल लागायचा तर चेंडू सापडायला हवा. पांढरा चेंडू, आणि नजर जाईल तिथवर पांढरा कापूस! दोन्ही संघ कंबर मोडेस्तोवर वाकून शोधत राहिले. गजाननाच्या शेतात त्याची बायको, लतावहिनी, कमरेला ओटी (वेचलेला कापूस ठेवायची झोळी) बांधून कापूस वेचत होत्या.

"लता, तुले दिसला का चेंडू?" गजाननानं काकुळतीनं विचारलं.

"मले तं सगळा कापूसच दिसते जी."

दिवस कलला तरी चेंडू सापडला नाही, आणि तो आपल्याच कपाशीत पडल्याचं गजाननाला सिद्ध करता येईना, म्हणून मंडळींनी त्याला हरलेला ठरवलं. संध्याकाळी न्हाव्याच्या दुकानात साऱ्या गावादेखत मिशी उतरली. घरी परतलो तर गजाननाचा स्वतःचा कुत्रा त्याच्यावर भुंकला. मला मनापासून वाईट वाटलं, कारण काडी मीच लावली होती.

सकाळी गजानन तोंड दाखवायला तयार नव्हता, म्हणून एसटीपर्यंत वहिनी आल्या. त्यांनी माझ्या हातात डबा दिला आणि पदराखालून हळूच चेंडू काढला.

"हा घेऊन जा भाऊजी. सरळ माह्या ओटीतच पडला होता."

"मग काल बोलला का नाहीत?"

"लग्न झाल्यापासून त्या मिशीतलं ताक मीच पुसून राह्यली! त्यायले सांगू नका."

त्या अमेरिकन फलंदाजानं खरंच हात दाखवला होता का, यावर तिकडं अजून वाद चालतो म्हणे. तिथंही कोणाच्या तरी बायकोला खरं ठाऊक असणार. इथलं खरं माझ्या पिशवीत होतं. मित्राला फोन करावा, असं नांदुऱ्यापर्यंत सारखं वाटत राहिलं. फलाटावर डबा उघडला. आत वांग्याचं भरीत होतं, आणि ते अप्रतिम होतं. मी खाल्ल्या भरिताला जागलो.