गंधमुक्तीचा फलक

नव्या फ्लेक्सचा उग्र वास आला की मला आजही शिसारी येते. काही वर्षांपूर्वी, मला तत्त्वज्ञानाची गोडी लावणाऱ्या सरांचे निधन झाले आणि त्यांच्या गंधमुक्तीसाठी, म्हणजे उत्तरकार्यासाठी, मी त्यांच्या गावी रनाळ्याला गेलो. मांडवाच्या तोंडाशी उन्हात चकाकणारा, नव्या फ्लेक्सचा मोठा फलक होता. सरांच्या छायाचित्राखाली, एका ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावाने, बायकोच्या जाचामुळे माणूस विचारवंत होतो अशा अर्थाचे वाक्य छापले होते. ते वाक्य त्या तत्त्वज्ञाचे नाही, हे सरांनीच आम्हाला वर्गात शिकवले होते. फलक करवून आणणाऱ्या त्यांच्या पुतण्याला मी बाजूला घेतले. तो म्हणाला, "भाऊ, काका तेन्हाज पुस्तके वाचेत ना? मोबाइलमा नाव टाकं, तं पह्यलं हाईज वाक्य उनं." मी विचारले, "पह्यलं उनं म्हंजे खरं व्हस का?" "लोके हासतस, पुढे धाडतस, म्हनीसन वर येस." त्याने कारण अचूक सांगितले होते, त्यात काही वावगे आहे, हे मात्र त्याला उमगत नव्हते. तेवढ्यात सरांच्या पत्नी फलकापाशी आल्या. त्यांनी ते वाक्य सावकाश वाचले आणि मला विचारले, "भाऊ, मी तेस्ले काय तरास दिन्हा व्हता?" मी फलक उतरवायला लावला, पण तोवर त्याची छायाचित्रे अनेकांच्या स्टेटसवर आणि तिथून इंटरनेटवर गेली होती. आज मोबाइलवर सरांचे नाव शोधले, तर सर्वांत वर तेच वाक्य येते, आता सरांचे म्हणून, आणि त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.